बिशप हलामी माती न्यायला आले

गेल्या वर्षी मलेरियाने दिनेश हलामीला आडवं केलं, तेव्हा मादागास्करच्या डोंगरातली त्याची माणसं त्याच्या खाटेभोवती बसून त्याला कुठे पुरायचं यावर बोलू लागली. बोलत होती हळू आवाजात, पण तापातही त्याला सगळं ऐकू येत होतं. एक जण म्हणाला, बिशप आहेत, मोठ्या चर्चच्या फरशीखाली ठेवू, तिथे आधीचे दोन फ्रेंच बिशप आहेतच. दुसरा म्हणाला, फरशीवरून लोक चालतात. तिसरी एक बाई म्हणाली, घरच्यांना विचारायला हवं. पण घरचे कोण आणि कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्चेचा निकाल लागेना. तेवढ्यात ताप उतरला.

बरा झाल्यावर दिनेशने हा विषय स्वतःच काढला. बिशप होण्याआधी तो ज्या खेड्यात साधा फादर म्हणून राहिला होता, तिथे जाऊन त्याने राबे नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, की मेल्यावर मी तुमच्या टेकडीवर राहिलो तर चालेल का. राबे म्हणाला, जागा आनंदाने देऊ, पण एक अडचण आहे. ज्याचं एकही मेलेलं माणूस इथल्या मातीत नाही, तो पाहुणा. पाहुण्याला जेवू घालता येतं, पुरता येत नाही. तुमच्या माणसांपैकी कुणाचं तरी काहीतरी आणा. मूठभर माती आणली तरी पुरे.

तिथल्या भाषेत पाहुण्याला 'वाहिनी' म्हणतात. पहिल्या वर्षी अख्खं गाव आपल्याला वहिनी का म्हणतंय हे दिनेशला कळत नव्हतं, आणि विचारण्याइतकी भाषा येत नव्हती. पुढे भाषा आली, अर्थ कळला, केस पिकले, बोटात बिशपची अंगठी आली, आणि तो वहिनीच राहिला होता.

म्हणून माघ महिन्यात, धान मळून झाल्यावर, तो घरी आला.

घर म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलातला कोसमटोला. चंद्रपूरच्या फादरांनी गाडी देऊ केली होती, ती नको म्हणून तो एसटीने कुरखेड्याला उतरला आणि पुढे काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाजूला बसून गेला. अंगात साधा शर्ट होता. गळ्यातला क्रूस त्याने खिशात ठेवला होता, कारण सीटवर दाटी होती आणि तो शेजारच्या बाईला टोचत होता.

गावाला तो काय काम करतो हे नीट माहीत नव्हतं. त्याची मोठी बहीण रुखमा लोकांना सांगायची, की माया भाऊ तिथी मोठा फादर आहे. बिशप हा शब्द गावात पोचला तेव्हा लोकांनी त्याला तहसीलदार आणि कलेक्टर यांच्या मधली जागा दिली. त्यामुळे तो आला त्या संध्याकाळी चार-सहा माणसं येऊन बसली आणि मोबाईलच्या टॉवरचं काय झालं असं त्यांनी विचारलं. दिनेश म्हणाला, टॉवर माझ्या हातात नाही. ते म्हणाले, बाकीचे साहेबही असंच म्हणतात. राग मात्र कुणाला आला नाही.

आणखी एक अडचण होती. गाव आपसात गोंडी बोलायचं, आणि दिनेशची गोंडी त्याच्या लहानपणीच थांबली होती. भूक लागली, गाय पळाली, मी नाही केलं, एवढं त्याला अजून उत्तम बोलता यायचं. साठीच्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना बायका पदराआड हसायच्या. मग सगळे त्याच्याशी मराठीत बोलू लागले.

झालं होतं असं. दिनेश लहान असताना त्याचा बाप पत्रू बायकापोरांना घेऊन माजरीला कोळशाच्या खाणीवर मजुरीला गेला. तिथे दिनेशची आई बुधरी तापाने गेली. पत्रूने तिला तिथेच पुरलं, पोराला चंद्रपूरच्या फादर लोकांच्या बोर्डिंगात टाकलं, रुखमाला घेतलं आणि तो गावी परतला. पोरगा बोर्डिंगात वाढला, तिथेच ख्रिस्ती झाला, आणि फादर व्हायचं म्हणाला. गुरुदीक्षेच्या दिवशी पत्रू डोक्याला फडकं बांधून चंद्रपूरला आला, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला, पोटभर जेवला, आणि हात धुताना त्याने विचारलं, की आता लग्न कधी. लग्न नसतं असं कळल्यावर तो पुढच्या बसने निघून गेला. त्यानंतर दिनेश सुट्टीवर आला की पत्रू जंगलात जायचा आणि सुट्टी संपली की परत यायचा. तो वारला तेव्हा दिनेश समुद्रापलीकडे होता. कोसमटोल्यात नदीला पूर होता, आणि निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशने रुखमाला मातीचं सांगितलं. रुखमा सुपात तांदूळ पाखडत होती. पाखडणं थांबलं नाही.

"बाबाची माती माया एकटीची नाई," ती म्हणाली. "गायत्याले इचार."

गायता म्हणजे गावाचा पुजारी. गावच्या देवांचं, पेरणीचं, मेलेल्या माणसांचं सगळं तोच बघतो. सध्याचा गायता वारलू हा दिनेशचा लहानपणचा सोबती. दोघांनी मिळून गाई राखल्या होत्या, आणि एकदा एक गाय हरवली तेव्हा दोघांनी मिळून मारही खाल्ला होता. वारलूने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि गाव बोलावलं.

गाव चिंचेखाली बसलं. दिनेशने सांगायला सुरुवात केली. तिकडचे लोक तीन वेळ भात खातात, असं म्हणताच बायकांनी माना हलवल्या. मेलेल्या माणसाला ते विसरत नाहीत, काही वर्षांनी थडगं उघडतात, हाडांना नवं कापड गुंडाळतात, त्यांच्यासोबत जेवतात, नाचतात, घरात काय चाललंय ते त्यांना सांगतात, थडग्यावर दारू शिंपडतात. कुठलंही मोठं काम मेलेल्यांना विचारल्याशिवाय करत नाहीत. ऐकता ऐकता गाव पुढे सरकून बसलं. माणसं चांगली दिसतात, असा एकंदर सूर होता.

"मंग तू त्याइले शिकवाले काय गेलता?" वारलूने विचारलं.

प्रश्न सरळ होता. तो रोमलाही कुणी इतका सरळ विचारला नव्हता. दिनेशने सांगितलं की शाळा चालवतो, दवाखाना आहे, दोन विहिरी खोदल्या. मग म्हणाला, की येशूचंही सांगतो.

"आयकते का?"

"काही जण ऐकतात."

"म्हंजे आमच्यासारकेच आहेत," वारलू म्हणाला.

ग्रामसभेत काम करणारा राजदीप नावाचा तरुण शिक्षक उठला. त्याने अदबीने, पण स्पष्ट विचारलं, की भाऊ, पत्रूबाबाची माती तिकडे नेऊन त्यांना ख्रिस्ती तर करणार नाही ना. अशी धास्ती आसपासच्या गावांत होती, आणि राजदीपने ती उगाच बोलून दाखवली नव्हती. दिनेश म्हणाला, आमच्यात मेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देता येत नाही. जिवंतपणीच जे काय ते.

"मेल्यावर काहीच नाई करता येत?" एका म्हातारीने विचारलं.

"प्रार्थना करता येते."

म्हातारीला दिनेशची कीव आली. तसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. राजदीप मात्र समाधानाने खाली बसला.

शेवटी वारलूने निकाल दिला. गावाची काही हरकत नाही. पण माती पत्रूची आहे, तेव्हा पत्रूला विचारावं लागेल.

पत्रूला पुरलं होतं ते गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली, डोक्याशी एक उभा दगड लावून. सकाळी ऊन जरा वर आल्यावर सगळे तिथे गेले. वारलूने पितळेच्या गडव्यात पाणी भरलं, मोहाची दारू दगडावर ओतली, आणि पत्रूला हाक मारून गोंडीत सगळी हकीकत सांगितली. मग त्याने पाण्यावर तांदळाचे दोन दाणे सोडले. दाणे एकमेकांना येऊन चिकटले तर माणूस राजी. वेगळे राहिले तर नाराजी.

दिनेश बिशप म्हणून विचार करू लागला, की आपण इथे नक्की कशाला उभे आहोत. मेलेल्या माणसाचा राग-लोभ दाण्यात उतरत नाही, हे त्याने तिकडच्या माणसांना कितीदा समजावलं होतं. आई-बापाचा आत्मा देवाच्या हाती असतो, गडव्यात नसतो. हे मनाशी म्हणत असतानाच तो गडव्यावर वाकला होता. आणि आपल्या श्वासाने दाणे हलू नयेत म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता.

एक दाणा गडव्याच्या काठाला जाऊन टेकला. दुसरा मधेच राहिला.

वारलूने दाणे काढले, दुसरे सोडले. ते दोन बाजूंना गेले. वारलूने आणखी थोडी दारू ओतली, पत्रूची जरा समजूत घातली, म्हणाला पोरगा इतक्या दुरून आला आहे, विमानाचं भाडं काय कमी असतं का, आणि तिसऱ्यांदा दाणे सोडले. ते जवळ आले, इतके जवळ की रुखमाने दिनेशचा दंड धरला. मग एक दाणा गिरकी घेऊन बुडाला.

"नाई येत म्हणते," वारलू म्हणाला.

वारलू गडव्याकडे बघत राहिला, आणि जरा वेळाने म्हणाला, "मी नाई येत, तू ये म्हणते."

हे पत्रूचं होतं की वारलूचं, ते दिनेशने विचारलं नाही. परत येताना वाटेत त्याच्या मनात आलं, की श्वास रोखायच्या ऐवजी हळूच फुंकर घातली असती तर जमलं असतं. या विचाराची त्याला लाज वाटली. पण तो विचार गेला नाही.

दिवसभर तो पडवीत बसून राहिला. लोक येऊन त्याला समजावत होते, की पत्रू जिवंतपणीही असाच होता. दिवेलागणीला रुखमाने भात आणि अंबाडीची भाजी वाढली. तो जेवेना. ती समोर बसली.

"तुले वाटते, तू ख्रिस्ती झाला म्हून बाबा रुसला," ती म्हणाली. "तसं नाई. तू त्याले इचारलं नाई, म्हून रुसला."

दिनेश म्हणाला, त्यांनी मला बोर्डिंगात टाकलं तेव्हा मला तरी कुठे विचारलं होतं.

"तेच सांगून राह्यली. त्यानं तुले इचारलं नाई, तू त्याले इचारलं नाई. दोघाइचा हिशोब फिटला. पण ज्याचा हिशोब फिटते त्याचा रुसवा नाई फिटत." तिने त्याच्या ताटातला भात हाताने मोकळा केला. "आईले इचारू."

दिनेशने मान वर केली. आई माजरीला होती. तिथे ते दोघं त्यानंतर कधीच गेले नव्हते.

"तिले कायले सोडून द्याचं," रुखमा म्हणाली. "तिथी तिचं कोनी नाई. बाबाच्या भवताल अख्खं गाव आहे. तिच्या भवताल कोन आहे?"

दिनेश जेवला. मीठ जरा कमी होतं, पण ते त्याने सांगितलं नाही.

वारलूही सोबत निघाला. विचारायचं तर विचारणारा हवा, असं त्याने कारण दिलं. खाण बघायची त्याची फार दिवसांची इच्छा होती, हेही त्याने लपवलं नाही. तिघं गडचिरोलीवरून चंद्रपूरला आले. रात्री चर्चच्या पाहुण्यांच्या खोल्यांत राहिले. तिथल्या फादरांनी वारलूची चौकशी केली, तेव्हा दिनेशने हे आमच्या गावचे पुजारी अशी ओळख करून दिली. फादर म्हणाले, कोणत्या चर्चचे. वारलू म्हणाला, जंगलातल्या. त्याला आदराने दुसऱ्यांदा मटण वाढण्यात आलं.

सकाळी भद्रावतीची एसटी धरली आणि तिथून ऑटोने माजरी. वारलूने गडवा फडक्यात बांधून मांडीवर घेतला होता. रस्त्याच्या कडेची झाडं कोळशाच्या धुळीने पानोपानी काळी होती, दुरून मातीचे प्रचंड ढीग दिसत होते, आणि त्यांवर ट्रक मुंग्यांसारखे चढत होते. वारलू बघत राहिला. इतकी माती कोण खातं, असं त्याने ऑटोवाल्याला विचारलं. ऑटोवाला म्हणाला, माती नाही भाऊ, खालचा कोळसा पाहिजे. माती फेकून देतात.

मजुरांच्या जुन्या वस्तीच्या मागे मसणवट होती. बाभळी माजल्या होत्या, वाट राहिली नव्हती. कलाबाई नावाची एक म्हातारी तिथे बकऱ्या चारत होती. कुणाला शोधता, तिने विचारलं. रुखमाने सांगितलं, आईला. म्हातारी म्हणाली, इकडे आता कोणी येत नाही, आधी दूरदूरचे लोक खाणीवर मरायचे, त्यांना इथे ठेवायचे, मग त्यांचे लोक आपल्या गावी जायचे. तिने बकऱ्या बाजूला हाकलल्या आणि काटे सरकवायला स्वतःच पुढे झाली.

रुखमाला विहीर आठवत होती. विहीर सापडली, बुजलेली. आईला पुरलं तेव्हा रुखमा अंगाने लहानच होती, पण पाणी भरायची. विहिरीपासून आईपर्यंत ती तेव्हा रडत गेली होती, आणि आता पुन्हा त्याच बाजूने गेली. तिथे दोन उंचवटे होते. शेजारी शेजारी, सारखेच. एकावर बोरीचं झुडूप वाढलं होतं.

दिनेशने विचारलं, कोणता.

रुखमा दोन्हींकडे बघत राहिली. मग बोरीच्या झुडपापाशी बसली. "हे," ती म्हणाली. कसं ओळखलं ते तिने सांगितलं नाही आणि दिनेशला ते विचारावंसं वाटलं नाही.

वारलूने पाणी भरलं, दारू ओतली. बुधरीला हाक मारताना मात्र तो अडखळला, कारण त्याने तिला फार लहानपणी पाहिलं होतं आणि तिला काय म्हणावं ते त्याला आठवेना. शेवटी तो काकी म्हणाला. हा तुझा दिनू, त्याने सांगितलं, समुद्राच्या पलीकडे राहतो, तिथे भात पिकतो, माणसं आपल्यासारखीच आहेत, तुला न्यायला आला आहे. त्याने पाण्यावर दोन दाणे सोडले.

वारलूचं बोट पाण्यातून निघायच्या आधीच दाणे एकमेकांना चिकटले.

वारलू गडव्याकडे बघत बसला. "नियमानं तीनदा पायजे," तो म्हणाला, आणि पुन्हा सोडले. पुन्हा चिकटले. तिसऱ्यांदा त्याने दाणे मुद्दाम लांब लांब सोडले. ते गडव्याच्या दोन टोकांकडून हळूहळू निघाले, आणि मधे येऊन चिकटले.

"तयारच बसली होती," वारलू म्हणाला.

रुखमा रडली. दिनेशने खिशातला क्रूस काढून गळ्यात घातला, कारण त्याला प्रार्थना करायची होती, आणि प्रार्थना करताना तो क्रूसाशिवाय उभा राहत नसे. त्याने मादागास्करच्या भाषेत प्रार्थना केली. मराठीत केली असती तर त्याला पुरी करता आली नसती. ती संपल्यावर वारलूने दारूची बाटली पुढे केली. दिनेशने ती घेतली आणि उरलेली दारू आईच्या डोक्याशी ओतली. कलाबाई बकऱ्या सांभाळत लांबून बघत होती. तिने हात जोडले.

माती काळी निघाली, अर्धी माती अर्धी कोळशाची धूळ. त्याने ती स्टीलच्या डब्यात भरली आणि वरून रुखमाने आपल्या पदराचा तुकडा फाडून बांधला.

भद्रावतीच्या बसस्टँडवर वारलू चहा पीत असताना दिनेशने त्याला बापाचं विचारलं. मला ये म्हणून सांगितलंय, त्याचं काय करू. वारलूने बशीतला चहा फुंकला.

"घाई नको करू. दरवर्षी धान मळून झालं का मी त्याले इचारत राहीन. मेल्यावर बी मानूस बदलते, टाइम लागते."

नागपूरच्या विमानतळावर डबा उघडायला सांगितला. यात काय आहे, असं विचारलं तेव्हा दिनेश 'आई' म्हणाला, आणि तपासणीच्या बाईंनी डबा दोन्ही हातांनी उचलून परत दिला.

राबेच्या खेड्यात डबा नव्या कापडात गुंडाळला गेला. वाजंत्री वाजली. दोन बैल कापले आणि एवढा भात शिजला की शेजारच्या खेड्यांनाही बोलावणं गेलं. टेकडीवर, भातखाचराकडे तोंड करून, बुधरीला जागा मिळाली आणि तिच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवली. बायकांनी दिनेशला तिचं नाव विचारलं, आणि बुधरी, बुधरी असं म्हणून पाहिलं. त्यांना ते सहज जमलं. मग त्यांनी विचारलं, की तिला काय आवडायचं, पुढच्या वेळी तिच्यासाठी तेच शिजवू.

दिनेशला सांगता येईना. त्याने टेकडीवरून राजदीपला फोन लावला. कोसमटोल्यात टॉवर अजून झाला नव्हता, रेंज गावाजवळच्या डोंगरीवरच यायची आणि राजदीप तिथेच होता, त्यामुळे रुखमाला बोलवायला माणूस पाठवावा लागला, आणि ती डोंगरीवर चढून येईपर्यंत बायका तशाच थांबल्या.

"आवडनिवड कराले भेटलंच कुठी तिले," रुखमा म्हणाली. मग तिला आठवलं. "सुकली मासोळी खाये. चिंच घालून. पयले आमाले वाढे, मंग उरली तर खाये. तू त्याइले सांगजो, भरपूर करा म्हणा."

दिनेशने ते बायकांना सांगितलं. त्यांनी माना हलवल्या. सुकी मासळी त्यांच्या बाजारात दर शुक्रवारी येत होती, चिंचही मिळत होती. किती करायची एवढंच त्यांनी विचारलं, आणि दिनेशने पातेल्याकडे बोट दाखवलं, सगळ्यांत मोठ्या.